फळीखालची पट्टी

फसवणारा मी. फसली ती मंदा, माझी बायको. मालाच्या वजनात नाही, तिच्या स्वतःच्या वजनात. माझ्याच काट्यावर, माझ्याच हातानं, दोन वर्षं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही — डॉक्टरला तर नाहीच.

आधी काट्याचं सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, बायकोला वजन चार-आठ किलो जास्त सांगितलं, त्यात काय एवढं? थट्टा केली असेल. थट्टा नव्हती.

पिंपळगावला माझी द्राक्षांची शेड आहे. शेतकऱ्याचा माल येतो, बायका घड निवडून पेट्या भरतात, माल पुढे जातो. या धंद्यात मी क्रेट उचलायला आलो होतो. स्वतःची शेड व्हायला पंधरा वर्षं लागली, आणि एकही सौदा मी गोड बोलून केलेला नाही. भावात मी भांडतो, ओरडतो. समोरचा उठून गेला तर जाऊ देतो. पण काट्यात कधी नाही. माझ्या बापाचा टोमॅटो एक व्यापारी वर्षानुवर्षं कमी मोजायचा, आणि बाप मान खाली घालून उभा राहायचा. तो राग माझ्या पोटातून अजून गेलेला नाही. म्हणून माझ्या शेडमध्ये काट्याच्या आकड्याचं तोंड शेतकऱ्याकडे असतं. लोक मला भाऊ म्हणतात — भाऊ तोंडाचा वाईट पण काट्याचा खरा. तरी नवा माणूस आला की पहिली नजर संशयाचीच — व्यापारी म्हटलं की मापात पाप. इतकी वर्षं हे ऐकतोय. चीड येते. मी काय कुणाचं खाल्लं?

कुणाचं खाल्लं — तेच सांगायला बसलोय.

सिन्नरला एका साखरपुड्याला गेलो होतो. अण्णा म्हणून एक व्यापारी आहे, माझ्याच लाइनीतला. जेवणाच्या पंगतीत मंदा वाढायला वाकली, तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, "भाऊ, वहिनी म्हंजे भरलेलं क्रेट झालं की! उचलायला लय माणसं लागत्याल."

पंगत हसली. मंदाही हसली. म्हणाली, "तुम्ही नका उचलू अण्णा, तुमची कंबर आधीच गेलीय." पंगत अजून हसली, आणि तिच्या मनातून विषय तिथंच गेला.

माझ्या मनातून गेला नाही. अण्णावर मी भडकलो का? नाही. त्याच्याशी पुढच्या आठवड्यात काम होतं. भडकलो ते परतताना, गाडीत, मंदावर. म्हणालो, उद्यापासून भात बंद. तेव्हा माझं स्वतःचं पोट स्टिअरिंगला टेकत होतं. त्याचं मला काही वाटल्याचं आठवत नाही.

तिनं वाईट वाटून घेतलं नाही. उलट हौसेनं मनावर घेतलं. पहाटे घराजवळ, गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर पाच फेऱ्या मारायची. मीही जायचो सोबत — बाकावर बसायचो, आणि तिची तिसरी फेरी सुरू झाली की बाहेर जाऊन मिसळ खाऊन यायचो. घरी येऊन ती उकडलेला दुधी खायची. आणि दर सोमवारी माझ्याबरोबर शेडवर यायची, वजन करायला. घरचा काटा तिला चालायचा नाही. "ती खेळणी आहेत," म्हणायची. "आपला काटा खरा."

लोखंडी काटा पायाला गार लागतो, म्हणून मी त्यावर एक लाकडी फळी टाकायचो. फळीचं वजन तीन किलो. बटण दाबून आधी तेवढं शून्य करून घ्यायचं, मग माणूस चढवायचा. रिकाम्या क्रेटचं आम्ही रोज हेच करतो. मंदा चढायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं, उघडू का?"

सात आठवड्यांत एकाहत्तरची अडुसष्ट झाली. शेडमधल्या बायकांसमोर तिनं टाळ्या पिटल्या. "झालं माझं! आता रविवारी मांडे करते, आणि मीपण खाणार. बघत नाही बसणार."

पुढच्या सोमवारी मी बटण दाबलं नाही.

एवढंच केलं. ती चढेपर्यंत आकड्यासमोर उभा राहिलो, मग बाजूला झालो. तिनं डोळे उघडले. एकाहत्तर.

"परत तेवढंच?"

"मांडे खाल्लेस ना," मी म्हणालो.

तिनं एक खाल्ला होता. त्यातलाही अर्धा मुलीच्या ताटात टाकला होता. मी पाहिलं होतं.

का केलं? अण्णासाठी? लोकांसाठी? मला एकच गोष्ट येते — सौदा. सौद्यात खरा आकडा पहिल्यांदा बोलायचा नसतो; बोललात की समोरचा तिथंच थांबतो. मला ती थांबायला नको होती. मी माझ्या बायकोशी सौदा करत होतो, आणि तिला ठाऊकच नव्हतं की सौदा चालू आहे. शेतकऱ्याला निदान तेवढं तरी ठाऊक असतं.

पुढं तेच चालू राहिलं. ती उतरायची, मी वाढवायचो. फळीला खालून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या, मध्ये पोकळी होती. त्यात दोन किलोची एक लोखंडी पट्टी बसली. मंदानं साखर सोडली, मग दूध सोडलं, मग रात्रीची भाकरी. दर सोमवारी डोळे उघडायची आणि म्हणायची, "माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे हो." मी कधी कधी म्हणायचो, चालण्यात जोर नाही तुझ्या.

आता तुम्ही विचाराल, मग बंद का नाही केलं? कसं करणार? पट्टी काढून बटण दाबलं तर एका आठवड्यात पाच किलो उतरलेले दिसणार. ती विचारणार. हे मी तेव्हा नीट ठरवून केलं असं म्हणता येत नाही. सोमवार यायचा, माझा हात फळीखाली जायचा. मला त्याचं काहीच वाटायचं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती एकदम उतरायला लागली. खाणं तेवढंच, चालणं तेवढंच, आणि वजन दर आठवड्याला खाली. तिचा ब्लाउज खांद्यावरून घसरायचा. रात्री छाती धडधडते म्हणायची, चहाचा कप धरताना बोटं थरथरायची. तिचं खरं वजन साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं. आकड्यातून पाच वजा केले की मला कळायचं. मी काय केलं? तीन किलोची अजून एक पट्टी सरकवली. आकडा बावन्नवर थांबला. मंदाला वाटलं, चला, टिकलं एकदाचं.

धडधड थांबेना म्हणून तिला दवाखान्यात नेलं. सिस्टरनं वजन केलं. लहानसर, बारीक आवाजाची मुलगी होती. "काकू, चव्वेचाळीस."

मंदा हसली. "बाई, तुमचा काटा चुकतोय. परवाच सोमवारी बावन्न होते मी. आमच्या ह्यांच्या काट्यावर. अख्ख्या पिंपळगावात विचारा, यांचा काटा चुकत नाही."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. "काका, बघा ना, खरंच चव्वेचाळीस दाखवतंय. आठ किलोचा फरक कसा पडेल?"

त्या वेळी मी खरे दोन शब्द बोललो असतो तर पुरे होतं — दोनच. त्याऐवजी ओरडलो. म्हणालो, रोज टनांनी माल मोजतो मी, तू मला वजन शिकवतेस? मशीन दुरुस्त करून घ्या आधी, लोकांच्या जिवाशी खेळता. बाकावरचे पेशंट बघायला लागले. मंदानं माझा हात धरला. तिला वाटलं, मी तिच्या बाजूनं भांडतोय.

सिस्टरचं तोंड उतरलं. "मशीन जुनीच आहे," ती म्हणाली, आणि कागदावर बावन्न लिहिलं.

आत डॉक्टर मॅडमनी विचारलं, एवढ्यात वजन कमी झालंय का? मंदा म्हणाली, "नाही मॅडम, बावन्नवरच आहे. दर सोमवारी बघते." मॅडमनी कागद बघितला. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि पाठवून दिलं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

चार महिन्यांनी मंदा सातपूरला तिच्या बहिणीकडे जिन्यात पडली. मोठ्या दवाखान्यात कळलं — थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करत होती, शरीर आतून जळत होतं, आणि हृदयाचे ठोके तोवर बिघडले होते. ते आता गोळीवरच राहणार, कायमचे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बाईंचं इतकं वजन उतरलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या दवाखान्यात गेलो आणि पुन्हा ओरडलो. आजार दिसला कसा नाही, जबाबदार कोण, नाव सांगा. मॅडमनी तो कागद काढला, बावन्नचा. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती सिस्टर तिथं नव्हती. ती कुठं गेली, मी विचारलं नाही.

मंदा आता बरी आहे. अठ्ठेचाळीस झालीय. डॉक्टर म्हणतात, खा, वाढू द्या वजन. ती खात नाही. अर्धी भाकरी मोडून परत टोपलीत ठेवते, आणि आमच्याकडे बघून हसते, चोरी पकडल्यासारखी. तिला वाटतं तिचं अंग तिच्याशी खोटं वागतं, जरा सैल सोडलं की फुगेल. हे तिला कुणी शिकवलं?

काल म्हणाली, "उद्या येते मी शेडवर. दवाखान्यातला काटा अठ्ठेचाळीस सांगतो, माझा नाही बाई विश्वास. आपल्या काट्यावर बघू."

फळी मी चुलीत घातली. लोखंडी पट्ट्या भंगारात दिल्या. म्हणजे उद्या आपला काटाही अठ्ठेचाळीसच सांगणार. मग तिला तेव्हाचं बावन्न आठवेल, ती सिस्टर आठवेल, आणि वजाबाकी तिला येते. "मध्यंतरी काटा बिघडला होता" — हे वाक्य माझ्या तोंडात तयार आहे, तेही इथं सांगून ठेवतो. ती ते खरं धरील. माझं सगळं ती खरं धरते.

त्या सिस्टरनं बरोबर वाचलं होतं. चव्वेचाळीसच होते.

आयुष्यभर मी लोकांना जाब विचारला. बापाला फसवणाऱ्याला, भाव पाडणाऱ्यांना, नको तिथं त्या सिस्टरला. आता तो कुणीतरी द्यायला हवा — उद्या, काट्यापाशी, शेडमधल्या बायका ऐकत असताना. सिस्टर देणार नाही. मॅडम देणार नाहीत. भाऊ, ऊठ. तू दे.