पाडव्याचं तोरण दसऱ्यापर्यंत

दिरानं तोरण ओढलं तेव्हा ते खिळ्यासकट आलं. ओंजळभर गिलावाही पडला. माणसं नुकतीच स्मशानातून परतली होती. ओसरीच्या पायरीवर पाय धुत होती, कडुनिंबाचा पाला चावत होती. आंब्याची वाळलेली पानं त्या पाण्यात पडली आणि लोकांच्या पायांना चिकटली. मी आत भिंतीला टेकून बसले होते. उघड्या दारातून सगळं दिसत होतं.

"वहिनी, घरातून माणूस गेलं आन् दारावर तोरण तसंच?" दीर म्हणाला. आवाज मोठा होता. पायरीवरच्या सगळ्यांनी वर बघितलं.

चूक आमची होती. घरात मयत झालं की दारावरचं तोरण आधी उतरवतात. पण ते बांधलं होतं पाडव्याला आणि आता आषाढ लागला होता. वाळून वाळून ते भिंतीच्या रंगाचं झालं होतं. तिरडी त्याच्याखालून गेली तरी एकाही माणसाला दिसलं नाही. दिसलं ते परत आल्यावर.

मालक जाणार हे मला ठाऊक होतं. खोकला दोन वर्षं घरात मुक्कामाला होता. त्याची तयारी मी मनाशी केली होती. दारावरच्या त्या ओढाताणीची केली नव्हती. ते तोरण मालकांनीच बांधलं होतं, स्टुलावर चढून, आणि मी स्टूल धरलं होतं. पानं बघून मला रडू आलं असं काही नाही. मला राग आला. दुसऱ्याच्या दाराचा खिळा विचारल्याशिवाय उपटत नाहीत.

मला सजावटीचा सोस कधीच नव्हता. शेतातून जे आयतं येईल ते दाराला. पाडव्याला सुतळीत ओवलेली पाच आंब्याची पानं. दसऱ्याला न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला झेंडू आणि बाजरीची चार कणसं. वेळ अमावस्येला आमच्याकडं शेतात कडब्याची कोप करून पूजा करतात, जेवण तिथंच होतं. तिथून परतताना ज्वारीची दोन-चार हिरवी ताटं आणायची आणि खिळ्याला अडकवायची. नवीन आलं की जुनं काढायचं, तोवर जुनं राहू द्यायचं. खिळा एकच, बारा महिन्यांचा. चिमण्या कणसं खायच्या आणि खाली भुसा पाडायच्या. तो झाडायचा, एवढेच माझे कष्ट.

शेजारच्या घरात दीर आणि जाऊ राहतात. जावेच्या दाराला तुळजापूरहून आणलेलं प्लास्टिकचं तोरण, रांगोळीचे छापे, दिवाळीच्या लाइटच्या माळा. तिला ते आवडतं, ती मन लावून करते. हापशावर ती बायकांना सांगायची, "अक्काच्या दाराकडं बघून कुणी सांगावं कोणता सण हाय ते. पोळा आला तरी पाडवाच लटकतोय." बायका हसायच्या, मीही हसायची. खोटं काय होतं त्यात?

तेरावं झालं. चौदाव्याला गोड जेवण झालं, पंगत उठली, मुलगा पुण्याला गेला. जाताना म्हणाला, दसरा झाला की न्यायला येतो, इथं एकटी काय करणार. मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. दिरानं ते हो असं ऐकलं.

श्रावणात माझ्या ओसरीवर त्याचे स्प्रिंकलरचे पाइप आले. तात्पुरते ठेवतो म्हणाला. मग फवारणीचा पंप आला, रिकामी पोती आली. भादव्यात मला घरात आडवं होऊन शिरावं लागायला लागलं. एक दिवस त्यानं पुढच्या खोलीची दुसरी किल्ली मागितली. सापडत नाही असं सांगितलं मी. ती माझ्या कमरेलाच होती.

घटस्थापनेच्या आधी तो ओसरीवर येऊन बसला. पहिलं वर्ष आहे, म्हणाला, सण धरायचा नाही, दाराला पानसुद्धा लावायचं नाही. आणि उठता उठता म्हणाला, "तसं बी तुमी पुण्याला जाणार. बंद घराला तोरण कशाला?"

मी चुलीपुढं बसले होते. तव्यावर भाकरी होती. आणि घर बंद. मी ती भाकरी उलटायची विसरले, एका बाजूनं करपली. तशीच खाल्ली.

घराचा कागद माझ्या नावावर व्हायचा होता तो होईलच. पण गावात कागद कोण बघतं? दार बघतात. वर्षभर दार उघडंबोडकं राहिलं आणि ओसरीवर पाइपांची रास राहिली, की लोकच म्हणतील ही दिराची जागा. मला सांगायलासुद्धा कुणी येणार नाही. मुलगा चांगला आहे. पण त्याच्याकडं मी पाहुणी. पाहुणीला दार नसतं, तिनं दुसऱ्यांच्या दारात चपला काढायच्या असतात.

दसऱ्याला सकाळी चहा घेतला आणि पाइप ओढायला लागले. प्लास्टिकचे असले तरी लांब. एक उचलायचा, गल्लीत ओढत न्यायचा, दिराच्या भिंतीशी टाकायचा. दर वेळी खडखडाट. गल्ली बाहेर येऊन बघत होती. कुणी हात लावला नाही, मी मागितलाही नाही. तीन वेळा पायरीवर बसून दम घेतला. पंप नेला, पोती नेली, ओसरीवर पाणी मारलं.

मग झेंडू तोडला. सुतळीत सात फुलं, मध्ये बाजरीची कणसं. ओवायला चहाच्या एका घोटाइतका वेळ. अडचण खिळ्याची होती. भिंतीत भोक पडलं होतं, खिळा धरत नव्हता. स्टूल धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते भिंतीला टेकवलं, चढले आणि भोकाच्या बाजूला नवीन खिळा वरवंट्यानं ठोकला. दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं. तोरण एका बाजूला उतरलं. मला पुन्हा चढायचं नव्हतं.

जाऊ धावत आली. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, काढा ते. त्यांनी बघायच्या आत काढा. लोकं नावं ठेवत्याल."

"ठेवू दे," मी म्हणाले. "हापशावर तू ठेवतेसच की."

तोवर दीर आलाच. आधी आपल्या भिंतीशी पडलेले पाइप बघितले, मग तोरण. त्यानं हात वर केला. मी तोरणाच्या खाली उंबऱ्यावर बसले. आता त्याला माझ्या डोक्यावरून हात घालावा लागणार होता. मोठ्या भावजयीच्या डोक्यावरून, सगळ्या गल्लीच्या देखत.

"वहिनी, तुमाला काय कळतं का? पहिलं वरीस हाय."

"भावजी," मी म्हणाले, "चौदाव्याला गोड जेवण कुणी घातलं? दुखवटा संपला म्हणून पंगतीत कोण ओरडलं? बुंदी दोनदा वाढून घेतली तुमी. बुंदीपुरता संपला, आन् माझ्या दारापुरता राह्यला व्हय?"

समोरच्या ओट्यावरचा एक म्हातारा हसला. मोठ्यानं नाही, खोकल्यासारखा. दिराचा हात अजून वरच होता. तो खाली आणायला त्याला वेळ लागला. मग तो पाइप उचलायला गेला.

दुपारी मी मुलाला फोन केला. न्यायला येऊ नको, म्हणाले, भेटायला ये. तो काळजीचं बोलला, पडशील, आजारी पडशील. पडेन, मी म्हणाले. पुण्यातही फरशीवर पडतातच माणसं. त्यानं रागानं फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यानंच केला.

संध्याकाळी सोनं द्यायला फारसं कुणी आलं नाही. मयत झालेल्या घरी येत नाहीत पहिल्या वर्षी, मला माहीत होतं. दिवेलागणीला जाऊ आली. आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडली. जाताना वर बघून म्हणाली, "वाकडं झालंय, अक्का. मी सरळ करू?"

"राहू दे."

दीर दोन महिने बोलला नाही. नंतर बोलायला लागला. पाइप आता त्याच्या गच्चीवर असतात. झेंडू वेळ अमावस्येपर्यंत तसाच राहिला, काळा पडला, मग ज्वारीची ताटं आली. शेतातून मी स्वतः आणली. पहिला खिळा जिथून उपटला ते भोक मी बुजवलं नाही. गवंड्याला बोलवायचा कंटाळा, दुसरं कारण नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. वय सत्तरीच्या पुढं, नक्की कुणी लिहून ठेवलेलं नाही. घरात मी एकटी असते. ते पहिलं वर्ष मी याच घरात काढलं, आणि त्यानंतरचीही.