बापूकाकांच्या दोन खुर्च्या

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाची बैठक कुणाच्याही घरी असो, बापूकाका आधी पोहोचत आणि समोर दोन घडीच्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडत. एक त्यांची, एक शालिनीकाकूंची.

काका नागपूरचे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि इथे मुलाकडे आले. ते आले तेव्हा मंडळ फुटायच्या बेतात होतं. नागपूरकरांना अध्यक्ष त्यांचा हवा होता, आम्हा पुणेकरांना अर्थातच आमचा. त्या वर्षी दोन गणपती बसणार हे ठरल्यातच जमा होतं.

"काऊन भांडून राहिले बाप्पा?" काका म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या कॅनडाची गोष्ट काढली. इंग्रजांच्या अमलात तिथे एक काळ सरकारचे प्रमुख दोन असत. एक इंग्रजी बोलणाऱ्यांचा, एक फ्रेंच बोलणाऱ्यांचा. "वर गव्हर्नर बसलेला. एकेकट्याला त्यानं केव्हाच गुंडाळलं असतं. पण हे जोडीनं सरकारात आले, अन् पटलं नाही तेव्हा जोडीनंच राजीनामा देऊन मोकळे झाले. शेवटी गव्हर्नरालाच नमतं घ्यावं लागलं."

झालं. नागपूरचे बापूकाका आणि पुण्याच्या शालिनीकाकू, असे दोन अध्यक्ष झाले. दोघांचा होकार आल्याशिवाय समोशांची ऑर्डरसुद्धा जात नसे.

दुसऱ्या वर्षी काकूंनी गणपतीच्या जेवणातली नागपुरी रश्शातली पाटवडी रद्द करायला लावली. मुलांना तो रस्सा तिखट लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि काकांनी ते मानलं. नागपूरकर मात्र भडकले. "काका, काकूंना रिमूव्ह करू," त्यांच्यातला नितीन म्हणाला. "तुम्ही एकटेच चालवा. मेजॉरिटी आपली आहे."

काकांनी आपली खुर्ची मिटली आणि भिंतीला टेकवली. "पाटवडी मलाही आवडते. पण जोडीनं बसलो, तर जोडीनंच उठीन."

ठराव तिथेच बारगळला. पुढच्या वर्षी पाटवडी परत आली, कमी तिखटाची. ती कुणालाच आवडली नाही, पण मंडळ एकच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यानंतरच्या बैठकीला शालिनीकाकूंनी दोन्ही खुर्च्या मांडल्या आणि त्या उभ्याच राहिल्या.

"काकू, बसा ना," नितीनच म्हणाला. "तुम्ही कंटिन्यू करा."

"बापूसाहेब उठले. आता मला बसता येत नाही. नवी जोडी निवडा."

आम्ही निवडली: शालिनीकाकू आणि नितीन. दोन्ही नावांना सगळ्यांचे हात वर गेले. मला आमच्या माणसांचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल. नितीन येऊन काकांच्या खुर्चीपाशी उभा राहिला, तेव्हा कुठे काकू त्याच्यासोबत खाली बसल्या.