तिच्या हातावर जुळवलेला रंग

मी माणसांच्या चेहऱ्याला रंग लावते. सिनेमात, मालिकांत, वीसेक वर्षं. या कामात बाईने कमी बोललेलं चांगलं, आणि ते मला कधी जड गेलं नाही. म्हणूनच ही गोष्ट सात वर्षं पोटात ठेवून बसले.

डिलाईल रोडवर एका सिनेमाचं शूटिंग ठरलं होतं. चाळीत वाढणाऱ्या, दहावीतल्या मुलीची गोष्ट. दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं. "तुम्ही इथल्याच ना? मग मुलगी तुम्हीच दाखवा," तो म्हणाला. मी आमच्याच मजल्यावरची दाखवली. काळीसावळी, किडकिडीत, चाळीच्या पूजेच्या नाटकात दरवर्षी टाळ्या घेणारी. महिनाभर तालमी झाल्या. तिच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी कागदावर गेली.

मग भूमिका एकाएकी दुसरीला दिली. शिवाजी पार्कची, गोरीपान, मालिकेतून ओळखीची झालेली.

"पोस्टरवर चेहरा ओळखीचा लागतो," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही हिला इथली करा."

रंग जुळेना. कधी तांबूस दिसे, कधी मळकट. शेवटी मी आमच्या मजल्यावरच्या त्याच मुलीला बोलावलं, खिडकीपाशी बसवलं आणि तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत एकेक शेड लावून पाहिली. चौथी अशी बसली की रंग कुठे संपला नि हात कुठे सुरू झाला, कळेना.

"मावशी, सोमवारपासून ना?" तिने विचारलं. "मला गोरी करू नकोस हां. आई म्हणते, ओळखू यायला हवीस."

मी नुसतं "हूं" म्हटलं. शेडचा नंबर वहीत लिहून घेतला.

नकार कळवायचं कामही माझ्यावरच आलं. खरं सांगितलं असतं, तर त्या हाताचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "तुझे डोळे कॅमेऱ्यात बुजतात. तुला नाही जमायचं." हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझंच.

सिनेमा गाजला. सगळ्या थरांतली, सगळ्या जातिधर्मांची माणसं पडद्यावर आली, असं कौतुक छापून आलं. आलीच होती. नळावर, जिन्यात, मागे उभी असलेली सगळी आमचीच होती. पुढे उभी असलेली एक सोडून.

त्या वर्षी तिने पूजेच्या नाटकात काम केलं नाही. नंतरही कधीच नाही. आता ती चिंचपोकळीला चष्म्याच्या दुकानात असते. जिन्यात भेटली की मी पिशवीत काहीतरी शोधू लागायची.

गेल्या रविवारी सकाळी त्याच दिग्दर्शकाचा फोन आला. नवा सिनेमा, कोळीवाड्यातली मुलगी, नटी आधीच ठरलेली. "मागच्यासारखाच रंग पाहिजे, ताई." मी नाही म्हटलं. का, तेही सांगितलं. फोन ठेवला आणि तशीच चिंचपोकळीला चालत गेले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, शेडच्या नंबरासकट. ती एकच काच पुसत राहिली.

"म्हणजे माझे डोळे..."

"डोळ्यांत काही नव्हतं. मी खोटं बोलले."

"आणि मी इथे लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावतेय!" ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. मी पदर डोळ्यांकडे नेला, तशी म्हणाली, "रडू नकोस, मावशी. ते मला नको. आईला सांग. ती अजून ऐकवते, जमत नव्हतं तर मिरवायला कशाला गेलीस?"

"सांगते."

"आजच. माझ्यासमोर. दोनला दुकान बंद होतं, थांब."

थांबले. मग दोघी चालत चाळीत आलो.

तिच्या आईने दार उघडलं. "काय गो, आज दोघी एकत्र? सूर्य खंय उगवलो?"

मुलगी बाजूला सरकली आणि मला पुढे व्हायला जागा दिली. मी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.