कानात काहीही घालणारी माणसं

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे किस्से न मागता जमतात. माझं क्लिनिक नाशकात, पंचवटीत. पेशंट आत आला की माझा पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसतोच. ‘कानात काय घातलंत?’ हा असतो. आणि काहीतरी घातलेलं असतंच!

सटाण्याचे एक काका आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका कानावर आपटलेला, आतून रक्त येत होतं. अशा वेळी वरून स्वच्छ कापड धरायचं आणि सरळ डॉक्टर गाठायचा. काकांनी कानात कांद्याचा रस पिळला होता! मी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, “घरना कांदा शे डॉक्टर, भेसळ नही!”

*

एका बापाने पोराच्या कानात गेलेला हरभरा पाणी ओतून बाहेर काढायचा प्रयत्न केला. हरभरा फुगला आणि घट्ट बसला. रात्रभर वाट पाहून सकाळी माझ्याकडे आले.

चिमटा हातात देताना आमच्या सुनंदा सिस्टर म्हणाल्या, “सर, आणखी एक दिवस थांबले असते तर मोड आले असते!”

*

निफाडहून फोन आला. “डॉक्टर, बायकोच्या कानात किडा गेलाय. ब्लोअर मारू का?”

“कसला ब्लोअर?”

“द्राक्षाला फवारणी करतो ना, तो. रिकामाच मारतो, औषध नाय टाकत!”

मी काही बोलायच्या आत मागून बायको ओरडली, “आधी स्वतःच्या कानात मारून बघा!”

म्हटलं, ताईंना फोन द्या. घरात शहाणं माणूस तेवढंच दिसत होतं.

*

कानाचा पडदा फाटलेला एक तरुण आला. म्हणाला, “पडलो.” गालावर पाच बोटं स्पष्ट दिसत होती.

“कुठे पडलात?”

“सासुरवाडीला.”

सांगितलं, कानात पाणी जाऊ देऊ नका, थेंब टाकू नका, पडदा बहुतेक आपोआप भरून येईल. आणि परत तिथे पडू नका!

*

आता चांदवडचे दोघे भाऊ. भांडणात थोरल्याने धाकट्याचा कान चावला आणि वरचा तुकडाच पडला. धाकटा रडत होता. “डॉक्टर, रविवारी पोरगी पाह्यला जायचंय! अर्धा कान पाहून ती काय म्हनंल?”

थोरल्याच्या हातात स्टीलचा डबा होता. डब्यात बर्फ, बर्फावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा. अगदी पुस्तकात सांगतात तसं! खरं सांगतो, मला भरून आलं. थोरला हात जोडून म्हणत होता, “काय बी करा, पन रविवारच्या आत बसवा.”

जीव लावून शिवला. शेवटच्या टाक्याला तुकडा गुलाबी दिसायला लागला. धाकट्याला म्हटलं, “रविवारी पट्टी असेल, पण बहुतेक कानही असेल.”

मग थोरल्याची पाठ थोपटली. “इतक्या वर्षांत तुकडा असा नीट आणणारे तुम्ही पहिलेच! कुठे शिकलात?”

त्याने डोक्याचा रुमाल सोडला. डावा कान वरून अर्धा गायब!

“मागच्या टायमाला यानं माझा चावला व्हता. तवा तुकडा हळदीत घालून आनला, तर तुमीच लय झापलं व्हतं!”