मोरचूद घातलेली खळ

माझ्या वाफ्यातली गांडुळं मेली तेव्हा नवरा हसला होता, आणि त्या हसण्याचा राग मला आजही येतो.

काटोलला आमची संत्र्याची बाग होती. तिथल्या शेणखताच्या ढिगातून बाबांनी ती तांबडी गांडुळं काढली आणि ओल्या बारदानात बांधून मला दिली. पुढच्याच वर्षी बाबा गेले, आणि भावाने बाग विकून टाकली. इकडे सासरी, नंदनवन वस्तीतल्या घरामागे माझे दोन वाफे, त्यात वांगी, आणि मातीखाली ही गांडुळं. माहेरचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. भाजीची देठं, शेण, भाताची पेज मी त्यांना घालायचे. नवरा म्हणायचा, बाईला पाळायला किडेच सापडले.

सासरचा हातमाग केव्हाच बंद पडला होता. नवरा कचेरीत कारकून. सासूबाई मात्र शेजारच्या मागांसाठी ताण्याच्या सुताला लावायची भाताची खळ अजून करून द्यायच्या. पावसाळ्यात खळीला बुरशी धरते, म्हणून तिच्यात मोरचुदाचं निळं विष घालायचं, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय.

एकदा मी धरमपेठेत बहिणीकडे राहायला गेले. परत आले तर गांडुळं मातीवर येऊन पडलेली, लिबलिबीत, मेलेली.

"तू त्याईले पेज घालते ना, म्हणून म्या उरलेली खळ टाकली," सासूबाई म्हणाल्या. "जिवायले उपाशी कायले ठेवाचं?"

"त्यात मोरचूद होतं ना?"

त्या वाफ्यातली खळ लागलेली माती हाताने उपसू लागल्या. चांगुलपणानेच केलेलं, म्हणून मला धड भांडताही येईना. नुसती अंगाची आग आग झाली.

तेवढ्यात नवरा आला, वाफा पाहून हसला. "गाय मेली का वं? काटोलहून आण दुसरे."

काटोलला आता आमचं काय होतं? बाग विकली तेव्हा सही करायला माझ्यासोबत हाच आला होता. मी हातातलं खुरपं भिंतीवर फेकलं आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

त्या पावसाळ्यात सासूबाईंनी मोरचुदाची पुडी उघडलीच नाही. खळीला बुरशी धरली, शेजारचे कुरकुरले, तरी नाही. मीही उघडा म्हटलं नाही. एवढ्या मोठ्या मनाची मी नव्हते.

एका सकाळी नवरा नाक मुरडत म्हणाला, "घरात कायचा वास येऊन राहिला?"

सासूबाईंनी खळीच्या भांड्यातून मान वर केली नाही.

"तुह्या अकलेचा," त्या म्हणाल्या.