कडावच्या मेव्हण्यानं विडी सोडली

आमचा मेव्हणा झहीर मला कधीच आवडला नाय. आजबी नाय. खोटं कशाला बोलू? कडावला भात भरडायची गिरणी होती त्याची. एक पोतं भरडून झालं की एक विडी, हा त्याचा कायदा. घरीबी तेच. चहा झाला, विडी. जेवण झालं, विडी. खोली एवढीशी, आणि माझी धाकटी बहीण जुबेदा दम्याची. ती उंबऱ्यात बसून तोंड वासायची आणि हा म्हणायचा, "विडीबिगर माझं डोकंच चालत नाय." डोकं होतं कुठं मेल्याला!

रमजानात मात्र हाच माणूस पहाटेपासून मगरिबपर्यंत विडीला शिवायचा नाय. गिरणी चालायची, डोकंबी चालायचं. जुबेदानं एकदा इचारलं, "आता कशी तलफ येत नाय?"

"मनाला ठाऊक असतं ना, सूर्य बुडेस्तवर मिळायची नाय. मग ते मागतच नाय."

"म्हंजे मागतं ते मनच," ती म्हणाली.

ईद झाली आणि ये रे माझ्या मागल्या! पंचाहत्तर सालच्या पावसाळ्यात ती काळीनिळी पडली, तवा मी तिला नेरळला माझ्या घरी आणली. त्याला तोंडावर सांगितलं, "विडी नायतर बायको. दोन्ही मिळायची नाय."

चार महिन्यांनी आला. म्हणे सोडली. कशी? तर पहाटे फजरच्या नमाजला मनाला सांगायचं, दुपारच्या जोहरपर्यंत विडीची वेळच नाय. जोहरला सांगायचं, दिवस कलतानाच्या असरपर्यंत नाय. "जन्माची सोडतो म्हटलं की मन बोंबलतं. पुढच्या नमाजपर्यंत म्हटलं की गप बसतं." पोतं झालं की हात खिशात जायचाच, म्हणून तिथं बडीशेप ठेवलेली.

मला काय पटतंय! असली सोंगं लई बघितलीत. मी विडी ओढणारा नव्हे, पण मुद्दाम बंडल आणलं. असर झाली होती. त्याला पडवीत बसवला, विडी पेटवली आणि धूर त्याच्या तोंडावर सोडला. दुसरी पेटवून बशीत, त्याच्या गुडघ्यापाशी ठेवली.

"घे की रं! मन मागत नाय ना तुझं?"

त्याला घाम फुटला. ओठ हलत होते, "मगरिबपर्यंत नाय, मगरिबपर्यंत नाय." मी तिसरी पेटवली. हरतो कसा नाय लेकाचा!

आतून खोकला आला. मी ऐकलाच नाय. झहीरनं ऐकला. बशीतली विडी चिरडून तो आत धावला. जुबेदा भिंत धरून उभी होती, ओठ निळे. त्यानं तिला मागच्या दारानं उघड्यावर नेली आणि पाठ चोळत बसला.

मगरिबची बांग झाली तवा कुठं तिचा श्वास ताळ्यावर आला. आत येऊन तिनं बोचकं बांधायला घेतलं. मी म्हटलं, "अगं, मी त्याची परीक्षा घेत होतो. तुझ्यासाठीच ना!"

"मला कडावला जाऊ दे, भाई," ती म्हणाली. "तुझ्या घरात धूर लई हाय."