रेडिओ आणि घरचं पुस्तक

सलूनवाल्याला सगळं गाव रेडिओ म्हणे, आणि त्याला तो स्वतःचा गौरव वाटे. कात्री थांबली तरी त्याचं तोंड थांबत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, की बिचारं जाणार कुठे? त्याच्या गोष्टींतली सगळ्यात गाजलेली म्हणजे लाकडाच्या वखारीला लागलेल्या आगीची.

वखारीला खेटून टेलिफोन एक्स्चेंज होतं आणि तिथे त्याची बायको ऑपरेटर होती. आग लागली तेव्हा पोलिसांनी तिकडे जाणारा नदीवरचा पूल बंद केला आणि हा अलीकडे अडकला. "मग मी शेजारच्या औषधवाल्याकडून एक्स्चेंजला फोन लावला," वस्तरा हवेत धरून तो सांगे, "बायकोची चौकशी करायला. तर कुठलीशी उर्मट बाई! माझं ऐकूनच घेईना. मी पण चांगलं सुनावलं, तर खाडकन फोन कापला!" इथे गिऱ्हाईक हसे. वस्तरा गळ्याशी असताना माणूस दुसरं काय करणार?

तर असा हा माणूस उतारवयात जळायला लागला. आणि जळायला लागला तोही कोणावर, तर स्वतःच्या बायकोवर.

झालं असं की, सार्वजनिक ग्रंथालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या आणि त्यांनी उपक्रमांचा धडाका लावला. आजारी माणसांना घरपोच पुस्तकं, मुलांसाठी गोष्टींचा तास, म्हाताऱ्यांना मोबाइलची शिकवणी. शिवाय शनिवारी दुपारी 'बोलकी पुस्तकं'. म्हणजे पुस्तकाऐवजी माणूस मागायचा, त्याच्यासमोर बसायचं आणि टेबलावरचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत त्याची गोष्ट ऐकायची. मधे तोडायचं नाही. तीनदा तोडलंत तर पुस्तक मिटलं, उठा.

रेडिओने लगेच चांगला शर्ट इस्त्री करून ठेवला. पहिलं बोलावणं आपल्यालाच येणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. बोलावणं आलं ते बायकोला.

"तिला?" तो ग्रंथपाल बाईंना म्हणाला. "अहो, ती बोलते कुठे?"

"आमच्याकडे बोलल्या की," बाई म्हणाल्या.

त्याने तो शर्ट रागारागाने दुकानात घातला आणि पहिल्याच दाढीत त्याच्यावर साबण सांडून घेतला.

पुढच्याच आठवड्यात शाळेतले मास्तर केस कापायला आले. "काका, काय सांगतात हो काकू! ती आगीची गोष्ट... माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

कात्री थांबली. आगीची? ती तर याची गोष्ट! पूल याच्यासाठी बंद झाला, फोन याने लावला, अपमान याचा झाला. ती तर नुसती फोन जोडायच्या बोर्डावर बसून होती! आणि या गोष्टीवर लोक हसतात, इतक्या वर्षांत रडलं कोण होतं? "हो हो, मला तोंडपाठ आहे," तो म्हणाला, आणि मास्तरांच्या केसांची एक बाजू दुसरीपेक्षा बरीच आखूड झाली.

मग जो येई तो काकूंचंच कौतुक सांगे. औषधवाल्याची सून ऐकून आली. बसचा ड्रायव्हर तर पुन्हा पुन्हा जाई, चांगला उंचापुरा, भरघोस मिशांचा गडी. एकदा तो काकूंना रस्त्यात भेटला, काहीतरी म्हणाला, आणि ती मान मागे टाकून खळखळून हसली. रेडिओने ते दुकानाच्या दारातून पाहिलं. घरात ती अशी कधी हसली होती, हे त्याला आठवेना. त्याच्या पोटात असं दुखायला लागलं की त्या संध्याकाळी त्याने जेवण अर्ध्यावर टाकलं. आपली गोष्ट चोरली, आपली माणसं पळवली, आणि आता ही हसतेय परक्याबरोबर! आपल्याला ठाऊक नसलेलं हिच्यापाशी आहे तरी काय, ते ऐकल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"अगं, ती आगीची गोष्ट सांग ना," दुसऱ्या दिवशी त्याने तिला गळ घातली.

ती मटार सोलत होती. तिने हात पुसले. "त्या दिवशी दुपारी मी एकटीच..."

"एकटीच! बाकीच्या पळाल्या होत्या, माहितीये मला. इकडे माझी काय अवस्था! पूल बंद, मी औषधवाल्याकडे धावलो..." आणि मग त्याने आपली गोष्ट तिला अथपासून इतिपर्यंत ऐकवली, उर्मट बाईसकट. ती "हं" म्हणाली आणि तिने पुन्हा मटार पुढे ओढले.

शनिवारी रेडिओने भर गर्दीच्या वेळी दुकान बंद केलं.

"तुम्ही?" ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घरचंच पुस्तक की हो."

"घरी वाचायला जमत नाही," तो खाली मान घालून म्हणाला.

रांगेत तो ड्रायव्हरच्या पुढे लागला, त्याचं त्याला तेवढंच समाधान. खिडकीजवळच्या टेबलापाशी बायको बसली होती. तिने त्याला पाहिलं, आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही, आणि घड्याळ उलटं केलं.

"आग लागली तेव्हा बोर्डावर मी एकटीच उरले," ती म्हणाली. "खोलीत धूर भरला होता."

"पण तू बाहेर का नाही..."

तिने एक बोट वर केलं.

"बंबवाल्यांना, दवाखान्याला जोडून देणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि अशात एक फोन आला. माणूस ओरडत होता."

"कोण मेला तो?"

दुसरं बोट. त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"आवाज मी लगेच ओळखला. मी म्हटलं, अहो, मीच बोलतेय. त्याने ऐकलंच नाही. पुन्हा म्हटलं, मीच बोलतेय, मी बरी आहे. तो बोलतच होता. तेवढ्यात बोर्डावर बंबवाल्यांचा दिवा लागला, दुसरा बंब हवा होता त्यांना. मी त्याची वायर उपटली."

रेडिओच्या हाताआड तोंड उघडं पडलं होतं.

"घरी आले तर तो शेजाऱ्यांना त्या उर्मट बाईची गोष्ट सांगत होता. सगळे हसत होते. मी सांगायला गेले, तर त्याने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. म्हटलं, राहू दे. पण वायर उपटण्याआधी तो काय बोलला, ते मी ऐकलं होतं. तो म्हणाला, बाई, तिला बाहेर काढा हो, ती हट्टी आहे, उठायची नाही. कानामागे पेन्सिल असते, तीच ती. म्हणाला, मी दिवसभर लोकांशी बडबडतो ते संध्याकाळी तिला सांगायला काहीतरी असावं म्हणून. ती नसली तर मी बोलू कोणाशी?"

हे रेडिओच्या गोष्टीत कधीच नव्हतं. सुनावलं ते हे होतं, आणि ते तो साफ विसरला होता. मास्तरांना रडवलं ते याने, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा ऐकायला येई तो याला. इतके दिवस तो ज्याच्या नावाने जळत होता, तो मेला म्हणजे हा स्वतःच.

वाळू संपली. आता बोलायला मोकळीक होती, आणि समोरच्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचंच ऐकलं होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"आता ऐकू आलं," तो म्हणाला, आणि गप्प बसला.

तिने मान मागे टाकली नाही, खळखळून हसलीही नाही. टेबलावरून हात पुढे करून तिने त्याच्या शर्टाच्या कॉलरवरचे कापलेले केस झटकले.

"काका, उठा आता," मागून ड्रायव्हर म्हणाला. "माझी पाळी."

रेडिओच्या पोटात पुन्हा दुखलं. उठला तो, पण घरी गेला नाही. पुस्तकांच्या कपाटांना वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.